कॉमिक्समधलं कॅलेंडर वाचायला शिकवणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुला एकट्यालाही पाठवता आलं असतं. तरी सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तू मला जे दिलंस ते सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल. धाकट्या भावाच्या मित्राला आपला कॉमिक्सचा गठ्ठा वाचायला देणारे थोरले भाऊ पुष्कळ असतील. पण 'यांची वयं का वाढत नाहीत?' या माझ्या प्रश्नावर 'अरे, गोष्टच आहे ती' असं म्हणून उडवून न लावणारा मला तू एकटाच भेटलास. त्याबद्दल मनापासून आभार.

माझी गाडी अडली होती स्पायडरमॅनपाशी. १९६२ साली तो आला तेव्हा पीटर पार्कर शाळकरी पोरगा. १९६५ मध्ये त्याची शाळा संपली आणि त्याच वर्षी कॉलेज सुरू झालं. म्हणजे तोवर त्याचं कॅलेंडर आणि आपलं कॅलेंडर जवळपास बरोबरीनं चाललं होतं. पुढे मात्र कॉलेजच्या पदवीदान समारंभापर्यंत पोहोचायला १९७८ उजाडलं, आणि तेव्हापासून आजतागायत तो फार तर तिशीपर्यंतच पोहोचला आहे. तू वहीतलं एक पान घेतलंस, मधोमध उभी रेघ मारलीस, डावीकडे लिहिलंस 'आपलं वर्ष' आणि उजवीकडे 'त्यांचं वर्ष'. डावीकडे सन भरत गेलास. उजवीकडे पेन्सिलनं, खोडता येईल असं.

पेन्सिल का, ते तू नंतर समजावलंस. स्पायडरमॅनची प्रकाशनसंस्था मार्व्हल; तिच्या कथांमध्ये 'आज' म्हणजे नेहमी आपला आज. पण सुरुवात कुठल्याही सनाला खिळलेली नाही. ती सतत 'दहा-पंधरा वर्षांपूर्वी' घडलेली असते. इंजिन पुढे गेलं की मागचा डबाही तेवढाच पुढे सरकावा, तसा आज सरकला की आरंभही त्याच्या मागोमाग सरकतो. यालाच स्लायडिंग टाइमस्केल म्हणतात हे त्या दिवशी कळलं. १९६१ साली मार्व्हलचे चौघे सुपरहिरो, फॅन्टॅस्टिक फोर, अवकाशात झेपावले ते कम्युनिस्टांच्या आधी पोहोचायच्या घाईनं, आणि त्यांच्यातले रीड व बेन हे दुसरं महायुद्ध लढून आलेले गडी होते. ते युद्ध त्यांच्या नावावर तसंच ठेवलं, तर आज दोघांची शंभरी उलटून गेलेली असती. म्हणून ते गुपचूप गळलं. आयर्नमॅन, म्हणजे टोनी स्टार्क, १९६३ साली व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता. त्याचंही युद्ध पुढे बदलत गेलं. शेवटी २०१९ मध्ये मार्व्हलनं सिआनकाँग नावाच्या काल्पनिक देशातलं युद्ध पुढे आणलं, म्हणजे पुन्हा पुन्हा बदलायची कटकट नको. सोय झाली हे मान्य. पण मला ते आजही पटत नाही. व्हिएतनाममध्ये खरी माणसं मेली होती. सिआनकाँगमध्ये कुणाचंच कुणी मेलेलं नाही.

कॅप्टन अमेरिकाच्या ओळीवर आपण सगळ्यात जास्त वेळ घालवला होता, आठवतंय? १९६४ मध्ये ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीला तो बर्फात सापडला. महायुद्ध संपता संपता गोठलेला, म्हणजे झोप वीसेक वर्षांची. त्याच्या बरोबरीचे सैनिक तेव्हा चाळिशी-पंचेचाळिशीत असणार. घर शोधून दार ठोठावलं असतं, तर दार उघडणारं कुणीतरी होतं. महायुद्ध जागचं हलत नाही आणि त्याचं जागं होणं मात्र दर वर्षी पुढे सरकतं. त्यामुळे तीच झोप आता साठ वर्षांच्याही वर गेली आहे आणि दार उघडायला कुणी उरलेलं नाही. मूळ प्रसंगात कुणी नवी ओळ घातली नाही, बर्फही तोच, पण त्याचं एकटेपण आपोआप वाढत गेलं. सरकत्या काळानं एखादी कथा अधिक खोल केल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. तू बोट ठेवलं नसतंस, तर मी ते पान तसंच उलटलं असतं.

एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो, त्याची गोष्ट याच्या उलट. तो ऑशविट्झमधून वाचलेला माणूस आहे हे १९८१ मध्ये आलं, आणि त्या इतिहासाच्या जागी दुसरं काही बसवणं शक्यच नाही. त्याला वाचवलं ते आधीच्याच एका विचित्र कथेनं: १९७४ मध्ये तो स्वतःच तान्हं बाळ होऊन बसला होता आणि १९७७ मध्ये तो पुन्हा ऐन उमेदीतला पुरुष झाला. तेव्हा ऑशविट्झ कुणाच्या मनात नव्हतं, तरी त्याच प्रसंगानं पुढे त्याचं वय सावरून धरलं.

पण तुझं खरं शिकवणं रॉबिनचं, म्हणजे बॅटमॅनच्या पोरसवदा साथीदाराचं. बॅटमॅनकडे बघू नकोस, त्याच्या शेजारच्या पोराकडे बघ, असं म्हणाला होतास. पहिला रॉबिन डिक ग्रेसन १९४० मध्ये आला, १९६९ मध्ये कॉलेजला गेला, १९८४ मध्ये नाइटविंग नावाचा स्वतंत्र हिरो झाला. मग दुसरा रॉबिन जेसन टॉड. १९८८ मध्ये वाचकांनी फोनवर मतं देऊन त्याच्या मरणाचा कौल दिला. मग टिम ड्रेक, मग बॅटमॅनचा स्वतःचा मुलगा डेमियन. बॅटमॅनच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही, पण त्याच्या घरातून एकेक पोरगा मोठा होऊन बाहेर पडला, आणि त्यातच त्याचं वय दिसतं. म्हणूनच २०११ मध्ये बॅटमॅनची प्रकाशनसंस्था डीसीनं सगळं नव्यानं मांडून 'सुपरहिरो जगासमोर येऊन जेमतेम पाच वर्षं झालीत' म्हटलं तेव्हा तू इतका अस्वस्थ झालास. पाच वर्षांत इतकी पोरं लहानाची मोठी करायची कशी? सुपरमॅनच्या वयाचं काहीही करा, त्यानं बिघडत नाही. रॉबिन मात्र पाच वर्षांत मावत नाहीत.

फॅन्टॅस्टिक फोरमधल्या रीड आणि सू यांचा मुलगा फ्रँकलिन रिचर्ड्स, त्याच्यासाठी तू उजवीकडे नुसतं 'अजून शाळेतच' लिहिलं होतंस. जन्म १९६८ चा. एकदोनदा त्याला कथेच्या सोयीनं मोठा केला, पुन्हा लहान केला; नीट किशोरवयात यायला त्याला पन्नास वर्षं लागली. तो मोठा झाला की रीड आणि सू म्हातारे ठरणार, म्हणून त्याला थांबवून ठेवलं. तुझ्या त्या दोन शब्दांमुळे मी मुलांची पात्रं फार जपून वाचायला लागलो. ब्रिटिश कॉमिक्समधल्या, भविष्यकाळातल्या जज ड्रेडसारखी अस्सल वेळेत म्हातारी होणारी पात्रंही तूच दाखवलीस: आपल्या १९७७ मध्ये त्याच्या जगात २०९९ चालू होतं, आणि आपलं एक वर्ष सरलं की तिथलंही एक सरतं. ते वाचताना वेगळाच आनंद मिळतो, पण मन मात्र सरकत्या काळातच जास्त रमतं.

ते पान मी पुढे वाढवत नेलं आहे. एका ओळीवर तुझं मत हवंय. पीटरचं लग्न १९८७ मध्ये झालं आणि २००७ मध्ये एका कथेनं ते झालंच नव्हतं असं करून टाकलं. मधली वीस वर्षं वाचकांनी महिन्या-महिन्यानं वाचली आहेत, म्हणून मी उजवीकडे ते लग्न ठेवलंय, आणि या एका ओळीपुरती पेन्सिल न वापरता पेन वापरलंय. तुझ्या पद्धतीत हे बसत नाही, ठाऊक आहे. तुला खोडावंसं वाटलं तर का ते सविस्तर लिही. मी भांडणार आहे.

तुझा,
धाकट्याचा मित्र