काका, तुमच्या पंच्याऐंशीच्या लेन्सबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता आणि चहा सांगता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नात वाचून दाखवेल तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

२०२३ च्या डिसेंबरात मी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत तुमच्या जिन्याखालच्या लेन्सच्या दुकानात, टेबलाशी आले, मोठी झूम लेन्स घ्यायचीच असं ठरवून. आईनं भिशीचे पैसे दिले होते. तुमच्याकडं सेकंडहँड ७०-२०० मिलिमीटरची झूम होती, एफ २.८ ची (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त), आणि मैफिलीचे फोटो काढायचे तर हीच लागते असं मी सगळीकडून ऐकलं होतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात एका घरगुती बैठकीत माझी फजिती झाली होती. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स ५५ पर्यंत झूम केली की एफ ५.६ च्या खाली येत नव्हती, शटर १/२० सेकंदावर अडकलेलं, तबल्यावरची बोटं म्हणजे नुसता धूर. शेवटी मी फ्लॅश मारला. बाईंचा आलाप चालू होता, त्यांनी डोळे गच्च मिटले आणि सूर तुटला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही लेन्स दाखवण्याआधी माझे फोटो मागितलेत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक बघत विचारलंत, "बसतीस कुठं तू?" हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, सतरंजीवर, दुसऱ्या रांगेत, डाव्या अंगाला. गायकापासून दहा-बारा फूट. "मग दोनशेचं काय काम हाय तिथं?"

आणि बिलाच्या पाठीवर पेननं दोन गोल काढलेत. ५५ ला ५.६ म्हणजे छिद्र जेमतेम एक सेंटिमीटर. ८५ मिलिमीटरच्या लेन्सला १.८ म्हणजे पावणेपाच. शेजारी हिशेब मांडलात: जिथं मला १/२० मिळतं, तिथं २.८ वर १/८० मिळेल, १.८ वर १/२०० च्या आसपास. आयएसओला, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेडाच्या संवेदनशीलतेला, हातही न लावता. मी म्हटलं, पण त्या झूममध्ये हात हलला तरी फोटो सावरणारा स्टॅबिलायझर आहे ना? त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी वहीत लिहून ठेवलंय: "त्यो तुझा हात धरंल, पोरी. गाणाऱ्याचा हात कोण धरणार?"

मग तुम्ही स्वतःच्या विक्रीच्या लेन्समागं टॉर्च धरलात आणि मला आत बघायला लावलंत. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे होते. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलेवर येते तसली बुरशी. "साफ करतो, पर खूण ऱ्हाईल. तुला सांगाय पायजे." विकायला बसलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला माल असा दाखवलेला मी तरी दुसरीकडं पाहिलेला नाही. वर तुमची स्वतःची ८५ खणातून काढून रुमालात गुंडाळून दिलीत. डिपॉझिट नाही, चिठ्ठी नाही. "आधी चार मैफिली काढ, मग बोलू."

पहिल्या मैफिलीत निम्मे फोटो वाया गेले. दहा फुटांवरून १.८ ला फोकसची पट्टी साडेतीन इंचांची. पेटीवरची बोटं लख्ख आणि डोळे मऊ, असं पुन्हा पुन्हा झालं. फोकसचा एकच बिंदू ठेवून तो डोळ्यावर धरायचा, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात समोर बसून करून दाखवलंत. मागं काळा पडदा असला की कॅमेरा फसतो आणि चेहरा पांढराफटक करतो, म्हणून एक स्टॉप उणे, म्हणजे उजेड निम्मा. एलईडीच्या प्रकाशात आडवे पट्टे आले तर शटर १/१०० वर आणून बघायचं. लाल दिवा पडला की गालाचा तपशील जातो, तेव्हा रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येणाऱ्या फाइलमध्ये, काढायचं आणि पांढरा दिवा यायची वाट बघायची.

पण खरी गोष्ट तुम्ही निघताना सांगितलीत. "समेवर दाब." सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा; त्या सांगण्याचा अर्थ मला गाणं ऐकता ऐकता कळला. तान चालू असते तेव्हा हात हवेत फिरत असतो, तिथल्या उजेडात मिळणारं शटर कमीच पडतं. समेवर येताना तो हात खाली उतरतो आणि एक क्षण थांबतो. चेहरा उजळतो, तबलजी मान वर करतो, दोघांची नजर मिळते. त्याच क्षणी "वाह!" उठते आणि माझ्या शटरचा खटका तिच्यात बुडून जातो. आता मी आलापात कॅमेरा मांडीवर ठेवते. देवल क्लबात, गाण्याच्या बैठकीत, गेल्या खेपेला शेजारच्या आजोबांनी मध्यंतरात विचारलं, तुम्ही फोटो काढले की नाही? एवढा आनंद मला कुठल्याही कौतुकानं झाला नव्हता.

मोठ्या हॉलमध्ये मागून काढायचं तर ७०-२०० लागतेच, हेही तुम्हीच सांगितलंत. तेव्हा मी ती एका दिवसाच्या भाड्यानं आणते.

आणि एक. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवराव भोसले नाट्यगृहात पहिल्या रांगेच्या कडेला बसून मी तुमच्या ८५ नं एका गायिकेचा फोटो काढला. सम नुकतीच पडलीय, हात मांडीवर टेकलाय, आणि मागं रंगमंचाचा लाकडी काठ पिवळ्या उजेडात धूसर दिसतोय. ८ ऑगस्टच्या रात्री आग लागली. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते थिएटर जळताना आपण दोघंही गर्दीत उभे होतो, एकमेकांना दिसलो आणि काहीच बोललो नाही. तुम्ही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं नाटक पाहिलं होतं, हे मला नंतर काकूंकडून कळलं.

त्या फोटोची मोठी प्रिंट काढली आहे, फ्रेम करून. रविवारी घेऊन येते. ८५ चे पैसेही आणते आहे. ती आता माझ्याकडंच राहू दे, पण फुकट नको. या खेपेला चहा सांगून विषय बदलू नका.

तुमची,
दुसऱ्या रांगेतली पोरगी