डोळ्यांतला अनुस्वार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल एकाच संध्याकाळी तीन कवितासंग्रहांचं प्रकाशन झालं. तिन्ही पुस्तकं तुमच्यासाठी कवींच्या सह्या घेऊन आणली आहेत, उद्या पार्सल टाकते. बाबांचा गुडघा बरा असता तर तुम्हा दोघांना पहिल्या रांगेत बसवलं असतं.

भाषणं चांगली झाली, पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. तिघांतली एक कवयित्री मागच्या खुर्चीवर प्रतींचा गठ्ठा घेऊन बसली होती आणि काळ्या पेनाने प्रत्येक प्रतीत, एकाच पानावर, एक टिंब देत होती. छपाईत 'डोळ्यांत'वरचा अनुस्वार उडाला होता. मी म्हटलं, राहू दे ना, वाचणाऱ्याला कळतं. तर म्हणाली, तिच्या आजीला एका डोळ्याने दिसत नव्हतं, पाणी मात्र दोन्ही डोळ्यांत यायचं, आणि कविता त्यावरच आहे. मग मीही शेजारी बसले. मी पान काढून द्यायचे, ती टिंब द्यायची, शाई वाळेपर्यंत मी पान उघडं धरायचे. बाबा, तेव्हा तुम्ही फार आठवलात. होस्टेलवरून पाठवलेली माझी पत्रं तुम्ही लाल शाईने अनुस्वार देऊन परत पाठवायचात, आणि मी रडायचे.

दुसऱ्या कवीने सात कविता स्वतःच बाजूला काढल्या. फर्मा, म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद, सोळा पानांचा असतो; सहा फर्म्यांत, म्हणजे ९६ पानांत, पुस्तक बसवायचं होतं. त्या सातांतली एक त्याने काल तोंडपाठ म्हटली. ती तुम्हाला पुस्तकात सापडणार नाही, भेटले की म्हणून दाखवीन.

बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ साली. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या. पहिला संग्रह निघाला १८९० साली, ती जाऊन चार वर्षं झाल्यावर. म्हणून काल आपलं कोरं पुस्तक नाकाशी धरून वास घेणारे ते तिघे पाहिले आणि मला भरून आलं. कवी समोर आहे, आपण वाचलेलं त्याला जाऊन सांगता येतं, याहून मोठं काय!

आई, तुला ओवी-अभंगाची सवय, मुक्तछंद कोरडा वाटेल. पण मनात वाचू नकोस, मोठ्याने वाच, आणि ओळ तुटते तिथे क्षणभर थांब. निळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकापासून सुरुवात कर. त्यात विहिरीवरची एक कविता आहे, ती बाबांना ऐकव.

बाबा, लाल पेन जवळ ठेवा. कवयित्रीला मी तुमच्याबद्दल सांगितलंय. दुसऱ्या आवृत्तीसाठी तिला आणखी कुठे काय सुटलंय ते हवंच आहे. पान आणि ओळ लिहून पाठवा, मी तिला देते.

तुमची लेक