बॅटमॅनला हसू येऊ देऊ नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

आईकडून कळलं की जुन्या सुपरहिरो मालिकेवर नवं कॉमिक काढायचं तुझ्या मनात घोळतंय आणि मित्र म्हणताहेत, आता ते कोण वाचणार? फोनवर या विषयाला न्याय मिळत नाही, म्हणून लिहायला बसले. असं कॉमिक तू जरूर काढ. कसं काढायचं, ते शिकायला इथे अमेरिकेत 2013 मध्ये सुरू झालेलं 'बॅटमॅन '66' हे कॉमिक बघ. तेही एका जुन्या टीव्ही मालिकेवरच बेतलेलं आहे. मी इथल्या वाचनालयातून त्याचे संग्रह आणून पुन्हा पुन्हा वाचले आहेत.

मूळ मालिका एबीसी वाहिनीवर जानेवारी 1966 ते मार्च 1968 या काळात चालली. 120 भाग झाले. ॲडम वेस्ट बॅटमॅन, बर्ट वॉर्ड त्याचा जोडीदार रॉबिन. भडक रंग, खलनायकाच्या अड्ड्यावर गेलं की तिरका होणारा कॅमेरा, हाणामारीत पडद्यावर झळकणारे 'पॉव!', 'झॅप!' असे शब्द, आणि बॅटगुहेत, म्हणजे बॅटमॅनच्या गुप्त तळावर, प्रत्येक यंत्राला नावाची पाटी. पुढच्या काळात बॅटमॅन काळोखा आणि कडवट होत गेला, तसे अनेक चाहते या मालिकेकडे जरा लाजूनच पाहू लागले. लेखक जेफ पार्कर आणि पहिल्या अंकाचा चित्रकार जॉनथन केस यांनी ही लाज बाळगली नाही, म्हणून मला ते कॉमिक इतकं आवडतं.

लोक म्हणतात, ती मालिका विनोदी होती. होतीच. पण ॲडम वेस्टचा बॅटमॅन स्वतः कधी विनोद करत नाही. कितीही वेडगळ प्रसंग असो, तो रॉबिनला वाहतुकीचे नियम पाळायला सांगतो ते अगदी मनापासून. हसायचं ते प्रेक्षकाने. पार्करने हा सूर पकडला आहे. त्याचं पात्र वाचकाकडे बघून डोळा मारत नाही, 'आम्हालाही कळतंय हं, हे किती जुनाट आहे' असं कुठे सुचवत नाही. तू संहिता लिहिशील तेव्हा हा मोह तुलाही होईल, विशेषतः मित्रांनी नाकं मुरडली आहेत म्हणून. तो आवर. नायकाचा स्वतःवर विश्वास नसेल, तर वाचकाने का ठेवावा?

दुसरी गोष्ट पैशाची. टीव्हीला बजेट असतं, कागदाला नसतं. मालिकेत सुरुवातीला ते 'पॉव!' चालू मारामारीवरच उमटायचे. पुढे खर्च वाचवायला ते रंगीत पार्श्वभूमीवर वेगळे दाखवायला लागले. कॉमिकमध्ये असली अडचण नाही. विमानं, बुरूज, अख्खं शहर, काय हवं ते काढावं. मोठं काढायची मुभा आहे म्हणून सूर मात्र सोडायचा नाही. शिवाय ते शब्द मुळात कॉमिकचेच! टीव्हीने ते उसने घेतले होते, आता ते कागदावर परत आले. चित्रकार केसने जुन्या छपाईतले ठिपके आणि चपटे, ठळक रंग वापरले आहेत. ती पानं नवी असूनही त्या काळातली वाटतात. हे मी तासन्तास बघू शकते.

हे कॉमिक आधी डिजिटल निघायचं, मग छापील. स्क्रीनवर बोट टेकवलं की त्याच चौकटीत पुढची हालचाल किंवा नवा संवाद उमटतो. मालिकेत सुरुवातीला गोष्टीचा पहिला भाग बुधवारी नायकांना अडचणीत सोडून संपवायचे आणि दुसरा गुरुवारी दाखवायचे. ती उत्कंठा इथे बोटाच्या टोकावर आली. छापील पानावर तुला हे काम पान उलटण्याकडून करून घ्यावं लागेल. प्रत्येक उजव्या पानाच्या शेवटी काय येतंय, ते आधी ठरव.

जे मालिकेत राहून गेलं, ते कॉमिकमध्ये करता येतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. टू-फेस हा खलनायक त्या मालिकेत कधीच आला नाही. लेखक हार्लन एलिसन यांनी मालिकेसाठी त्याच्यावर लिहिलेला आराखडा तसाच पडून होता. पुढे लेन वाइन यांनी त्यावरून संहिता केली, होसे लुईस गार्सिया-लोपेझ यांनी चित्रं काढली, आणि न घडलेला भाग वाचकांच्या हाती आला. 'वंडर वुमन '77' या अशाच दुसऱ्या कॉमिकमध्येही तसंच. लिंडा कार्टर वंडर वुमन झालेल्या जुन्या टीव्ही मालिकेत चीता ही खलनायिका कधी दिसली नव्हती, ती कॉमिकमध्ये आली. तेव्हा तुझ्या मालिकेत काय राहून गेलं, याची यादी कर. तुझ्या कथा तिथे आहेत.

हक्कांचं प्रकरण मात्र हलक्यात घेऊ नकोस. 1966 च्या बॅटमॅनचे हक्क दोन मोठ्या स्टुडिओंमध्ये अडकले होते, म्हणून मालिकेची अधिकृत डीव्हीडी 2014 च्या अखेरीस निघाली, म्हणजे कॉमिकच्याही नंतर! नटाचा चेहरा काढायचा तर त्याचीही परवानगी लागते. पात्र ज्यांच्या मालकीचं आहे, त्यांना आधी लिही. चित्रं काढून मग परवानगी मागायला जाणं म्हणजे नुसता मनस्ताप. नकार आला, तर त्याच सुराचं स्वतःचं नवं पात्र रच. खरं तर मला तेच जास्त आवडेल, पण निर्णय तुझा.

पहिल्या प्रसंगाचे संवाद लिहून झाले की चित्रांची वाट न बघता मला पाठव. नायक कुठे हसतोय का, ते मी बघेन.

आई-बाबांना नमस्कार सांग. बाबांचे डोळे तपासून घ्यायचे राहिलेत, त्याची आठवण कर.

तुझी,
ताई