आमचा एमसीपी सर्व्हर तपासून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) सर्व्हरचा, म्हणजे एआय मॉडेलला आमची टूलं वापरू देणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड तुम्ही ओळ न् ओळ वाचलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण पहिला सर्व्हर लिहिणारे बहुतेकजण याच खड्ड्यांत पडतात.

सर्वांत जास्त आभार त्या एका प्रिंटची चूक दाखवल्याबद्दल. आपल्याच मशीनवर चालणारा सर्व्हर क्लायंटशी (मॉडेल वापरणाऱ्या अ‍ॅपशी) स्टडआउटवरून, म्हणजे प्रोग्रॅमच्या नेहमीच्या आउटपुटवरून, बोलतो आणि तिथे एक ओळ म्हणजे जेसन-आरपीसी २.० या ठरावीक साच्यातला एक संदेश. मध्येच 'डेटाबेस जोडला' छापलं की क्लायंट तेही संदेश म्हणून वाचायला जातो आणि अडखळतो. पायथनचं प्रिंट आणि नोडचं कन्सोल.लॉग, दोन्ही तिथेच जातात. ते आम्ही काढलं होतं हो. पण एखादी लायब्ररी सुरू होतानाच आपलं नाव छापते, हे ध्यानीमनी नव्हतं. तुमचा उपाय सोपा निघाला: लॉग सगळा स्टडएररवर, म्हणजे चुका आणि नोंदींसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर (पायथनचं लॉगिंग मॉड्यूल मुळातच तिकडे लिहितं), मग स्टडएरर फाइलीत वळवून सर्व्हर टर्मिनलमध्ये नुसता सुरू करायचा. काही न पाठवता पडद्यावर एक अक्षर जरी उमटलं, तरी चोर सापडला.

चुका कुठे कळवायच्या, हेही तुमच्यामुळे नीट लागलं. नसलेलं टूल मागितलं तर -३२६०२ हा प्रोटोकॉलचा चूक-क्रमांक ठीक. पण टूल आहे, तारीख मात्र उलटी आली, तर नेहमीचंच उत्तर पाठवून त्यात 'इझएरर' ट्रू करायचं आणि मजकुरात लिहायचं: 'वर्ष आधी द्या, उदा. २०२५-०३-०५'. हे वाचून मॉडेल बहुधा स्वतःच तारीख सुधारून पुन्हा विचारतं. प्रोटोकॉलची चूक कित्येकदा क्लायंटपाशीच अडते, मॉडेलला तिचा पत्ताही लागत नाही.

टूलांची वर्णनं नव्याने लिहिली. मॉडेल कोड बघत नाही. त्याला टूलाचं नाव, वर्णन आणि स्कीमा (कोणती माहिती कशी द्यायची, त्याचा साचा) एवढंच दिसतं, तेव्हा 'माहिती आणते' हे वर्णन नसल्यातच जमा. क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरचा पूर्ण पाथही टाकला.

शोधणं आणि रद्द करणं एकत्र करायची तुमची एक सूचना मात्र पटली नाही. दोन्ही एकाच टूलात घातलं, तर वापरणाऱ्याला शोधायची कायमची परवानगी देऊन रद्द करताना थांबवता येणार नाही, कारण क्लायंट सहसा टूलागणिक परवानगी विचारतो. 'डिस्ट्रक्टिव्ह' (नुकसान करू शकणारं) ही खूणही अख्ख्या टूलालाच लागते, आणि ती नुसती सूचना. खरी अडवणूक सर्व्हरमध्येच हवी. म्हणून ती दोन टूलं वेगळीच ठेवली आहेत. वाद घालायला केव्हाही या.

आपली,
सर्व्हर लिहिणारी मंडळी