लंडनला निघण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर आईचा आवाज जड झाला की मला पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. लंडनचं नक्की केलंय, वर्षभरासाठी. अफगाणिस्तानचा राजा अमानुल्लाखान याची गादी १९२९ मध्ये का गेली, हा माझा अभ्यासाचा विषय. पण शेजारी काहीही म्हणोत, मी काबूलला जात नाहीये. इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, जुने कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ते तिथे बसून वाचायचेत. खोलीला स्वयंपाकघर आहे. छोटा कुकर, मेतकूट, गोडा मसाला बॅगेत गेलाय. आई, वरणभात रोज होईल.

बाबा, तुम्ही म्हणालात, अमानुल्लाच्या राणीने, सुरय्याने बुरखा काढला, मुल्ला खवळले, त्याची गादी गेली, यात शोधायचं काय? बुरख्याचं खरंच आहे. पण अमानुल्लाविरुद्धचं खोस्त भागातल्या टोळ्यांचं बंड १९२४ मधलं, सुरय्याने बुरखा काढण्याच्या चार वर्षं आधीचं. त्याचे नवे कायदे तेव्हाही खटकत होतेच, पण सैन्यभरतीही होती. पूर्वी कुठला मुलगा पाठवायचा हे टोळीची वडीलधारी माणसं ठरवायची. आता सरकार चिठ्ठ्या टाकून नाव काढणार. मलिकांचा, म्हणजे टोळीप्रमुखांचा, मान गेला आणि घरातला कमावता हातही. त्यात कर रोख भरायचा. एवढं करून ज्या फौजेच्या जोरावर हे रेटायचं, तिचाच पगार कापलेला! मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते.

युरोपहून परतल्यावर १९२८ च्या उन्हाळ्यात अमानुल्लाने काबूलजवळ पगमानला जिरगा, म्हणजे टोळ्यांच्या प्रतिनिधींची मोठी सभा, भरवली. टोळ्यांच्या दाढीवाल्या प्रतिनिधींना काळे कोट, पाटलोणी, टाय आणि हॅट घालून बसवलं. ही माणसं गावी जाऊन काय सांगणार होती? नोव्हेंबरात पूर्वेला जलालाबादकडे शिनवारी टोळीने बंड केलं. फौज तिकडे गुंतली आणि डिसेंबरात उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी हा बंडखोर काबूलवर चालून आला. १४ जानेवारी १९२९ ला अमानुल्लाने गादी सोडली, थोरला भाऊ इनायतुल्ला जेमतेम तीन दिवस टिकला. कलकानीने सुधारणा रद्द केल्या, मुलींच्या शाळाही गेल्या. तोही ऑक्टोबरपर्यंतच, मग अमानुल्लाचा जुना सेनापती नादिरखान गादीवर आला.

त्या हिवाळ्यात ब्रिटिश विमानांनी काबूलमधून ५८६ माणसं पेशावरला हलवली. ब्रिटिशांचा राजदूत हम्फ्रीज काबूलमधूनच सगळं कळवत होता. बंडामागे धर्म किती आणि कापलेला पगार किती, हे त्या कागदांत ताडून बघायचंय. इथे बसून ते होत नाही, बाबा, खरंच.

आई, तुझ्यासाठी एक. सुरय्या देश सोडून मुंबईत आली तेव्हा दिवस भरत आले होते. जून १९२९ मध्ये तिथेच मुलगी झाली, नाव ठेवलं इंडिया. मग सगळे इटलीला गेले. ते वाचताना तुझ्या कुशीत येऊन झोपावंसं वाटलं.

आता नीट ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही, आणि टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात नाही, पायात हवा. रागावून नाही लिहिलं हं. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल करेन, चार्जर आधीच लावून ठेवा.

तुमची,
चिमी