निकियाच्या आधीची दोनशे वर्षे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील येशूच्या देवत्वावरचा लेख वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळाले याचा आनंदच झाला, आणि म्हणूनच त्यातली चूक जिव्हारी लागली. येशू हा मूळचा माणूस, देवाने त्याला पुढे पुत्र म्हणून दत्तक घेतले, हे मत अलेक्झांड्रियाच्या एरियस या धर्मगुरूचे होते आणि ३२५ साली निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या सभेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ते थोडक्या मतांनी पाडले, असे लेखक ठोकून देतात.

एरियसचे म्हणणे वेगळेच होते. त्याच्या मते पुत्र सृष्टीच्याही आधीचा, सृष्टी त्याच्याच द्वारे घडलेली. मात्र तो स्वतः निर्माण केलेला, पित्यासारखा अनादी नाही. आणि थोडकी मते कुठली? दोनशेहून अधिक बिशपांपैकी सभेच्या निर्णयावर शेवटपर्यंत सही न करणारे लिबियाचे दोघेच, थिओनस आणि सेकुंडस.

लेखात एरियसच्या नावावर घातलेला हा दत्तकवाद रोममध्ये आणला तो थिओडोटसने, १९० च्या सुमारास. बायझँटियमचा हा चामड्याचा कारागीर. येशू कुमारीपोटी जन्मला तरी माणूसच, स्नानसंस्काराच्या वेळी त्याच्यावर ख्रिस्त उतरला, असे तो शिकवी. रोमचे बिशप व्हिक्टर यांनी त्याला बहिष्कृत केले. तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणी सम्राट नव्हता. थिओडोटसच्या शिष्यांवर विरोधकांचा एक आरोप असा, की हे लोक युक्लिडची भूमिती घेऊन बसतात आणि वैद्य गॅलनची जवळजवळ पूजा करतात! या मंडळींनी नातालियस नावाच्या, श्रद्धेपायी छळ सोसलेल्या माणसाला महिना १५० दिनारांवर आपला बिशप नेमले. पुढे तोच गोणपाट नेसून, अंगावरचे वळ दाखवत, रडत रोमचे पुढचे बिशप झेफिरिनस यांच्या पायांवर पडला. चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या चर्च-इतिहासात यातले बरेचसे आहे. लेखात थिओडोटसचे नावही नाही.

मी दर रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, उभा राहून निकियाचाच विश्वासांगीकार म्हणतो. तरीही थिओडोटसचे मत एरियसच्या तोंडी घालणे हा दोघांवरही अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

हीच चूक मी गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेतही ऐकली. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. 'एरियसने येशूला नुसता माणूस कुठे म्हटले आहे?' एवढेच मी लिहिले, खाली नाव घातले. सूत्रसंचालकांनी चिठ्ठी उघडली, नाव वाचले, आणि 'श्रद्धेचे प्रश्न आज नकोत' म्हणत ती घडी करून बाजूला ठेवली. पुढची चिठ्ठी याच विषयावरची होती. तिला वक्त्यांनी दहा मिनिटे उत्तर दिले. माझा प्रश्न इतिहासाचा होता. आडनाव ख्रिस्ती दिसले की आमची प्रत्येक शंका 'दुखावलेली भावना' म्हणून बाजूला सारायची, हे अजून किती दिवस चालणार?

येशू निकियात देव 'ठरला' म्हणणाऱ्यांनी धाकट्या प्लिनीचे पत्र तरी वाचावे. निकिया ज्या बिथिनिया प्रांतात, तिथलाच हा रोमन सुभेदार. ११२ च्या सुमारास तो सम्राट ट्रेजनला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. म्हणजे सभेच्या दोनशे वर्षे आधी!

चर्चच्या भांडणात सम्राटाला ओढण्याची सुरुवातही कॉन्स्टंटाइनपासून झालेली नाही. अँटिओक शहराचा बिशप पॉल याला थिओडोटससारख्याच मतांवरून २६८ च्या सुमारास पदच्युत केले, तर तो चर्चची वास्तू सोडेना. प्रकरण सम्राट ऑरेलियनकडे गेले, जो ख्रिस्तीही नव्हता. इटली आणि रोमचे बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात त्यांना वास्तू द्या, असा त्याने निकाल दिला.

जाता जाता, लेखासोबत गोव्याच्या बॉम जेझूस बॅसिलिकाचे छायाचित्र कशासाठी? ती वास्तू १६०५ ची. निकिया आजच्या तुर्कस्तानातले इझनिक. तिथली तटबंदी अजून उभी आहे. प्रत्येक ख्रिस्ती विषयाला गोव्याचे चर्च चिकटवणे आता थांबवावे.

एरियसबद्दलच्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

— एक वाचक, वसई