रूथचा सरवा आणि आपली मुले

खानापूर, जि. बेळगावी

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

सुगीच्या उपकारस्तुतीच्या उपासनेत आपल्या संडेस्कूलच्या मुलांनी बायबलमधल्या रूथची, म्हणजे सासू नामीबरोबर तिच्या देशी आलेल्या मवाब देशातल्या विधवा सुनेची, गोष्ट गाण्यांतून सादर केली. ती बसवताना पेटीवर तू असतास तर, असे रोज वाटत होते.

ही गोष्ट निवडली ती सरव्यासाठी, म्हणजे कापणीनंतर शेतात मागे राहिलेले वेचण्याच्या प्रथेसाठी. शेताच्या कडेकोपऱ्याचे पीक कापू नये आणि गळलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावीत, हा बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला नियम आपल्या मुलांना समजावून सांगावा लागला नाही. भुईमूग आणि रताळी काढून झालेल्या रानात त्यांच्या आज्या-आयांनी सरवा वेचला आहे. रूथ वेचते ते जव इकडे पिकत नाही म्हणून भाताच्या पेंढ्या आणल्या. पहिल्या तालमीत रूथ झालेली मुलगी उभ्याउभ्याच कणसे उचलू लागली, तेव्हा मागे बसलेली एक आई उठून पुढे आली आणि कमरेत वाकून, डाव्या हाताने ओटी धरून, उजव्या हाताने वेचायचे कसे ते तिने दाखवले. तेवढ्याने तो प्रवेश उभा राहिला. शेताचा मालक बवाज कापणाऱ्यांना रूथसाठी मुद्दाम मूठमूठ कणसे गाळायला सांगतो, ते काम आम्ही सर्वांत लहान मुलांना दिले.

नामीची दुसरी सून अर्पा परत जाते म्हणून मुलांना तिचा राग आला होता. पवित्र शास्त्र तिला एका शब्दानेही दोष देत नाही, ती सासूचे चुंबन घेऊन रडत जाते, हे मी त्यांना वाचून दाखवले आणि तिलाही एक कडवे दिले. रूथ खळ्यावर बवाजकडे जाते त्या रात्रीचा भाग मात्र निवेदनाच्या दोन ओळींत आटोपला.

खरा प्रश्न आला तो नामीच्या गाण्याचा. परमेश्वराने मला फार क्लेश दिले, मला नामी (गोड) न म्हणता मारा (कडू) म्हणा, हे शब्द मुलांच्या तोंडी शोभत नाहीत, असे मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. मी त्यांचा मान राखून नकार दिला. नवरा आणि दोन्ही मुले मवाबात पुरून आलेल्या बाईची तक्रार शास्त्राने खोडली नाही, तर ती आपण का खोडावी? ते रितेपण आधी ऐकल्याशिवाय शेवटी तिच्या मांडीवर रूथचा मुलगा ओबेद दिसण्याला काय अर्थ राहतो? आपल्या बाकांवर बसणाऱ्या विधवांनाही ते गाणे ऐकण्याचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते. मी ते असे लिहिले:

भरल्या हाती गेले
रित्या ओटी आले
गोड नाव झाले
कडू माझे

चाल एका आजींनी दिली, त्यांच्या जात्यावरची. ओवी देवळात कशी चालेल, अशी शंका कोणी काढली नाही. इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्स यांचे मराठी काव्य ख्रिस्तपुराण १६१६ साली शेजारच्या गोव्यातच छापले गेले, तेही सगळे ओव्यांतच आहे.

आता रूथच्या भूमिकेतल्या मुलीविषयी. ती कन्नड माध्यमात शिकते. घरी मराठी बोलते, पण देवनागरी तिला अडखळत वाचता येते. दुसऱ्या दिवशी तिने सगळी गाणी कन्नड अक्षरांत उतरवून आणली. मी आधी मनातून खट्टू झालो, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तुझे लोक ते माझे लोक, हे शब्द त्या वहीतून वाचून ती गाऊ लागली, तेव्हा तिचा एकही उच्चार चुकला नाही. आणि मवाबातून आलेल्या परक्या सुनेचे ते वचन तिच्या आवाजात असे काही लागले, की पेटी वाजवणाऱ्या पाळकसाहेबांचे हात क्षणभर थांबले.

त्या वहीतले नामीचे पान तिला विचारून सोबत पाठवतो आहे. शाळेत आपण दोघे एका बाकावर कन्नड शिकलो, तेव्हा तुला ते वाचता येईल. चौथ्या ओळीवर आजींची चाल फार लवकर संपते असे मला वाटते. तुला काय सुचते ते नाताळच्या आधी कळव.

तुझा मित्र